प्राण्यांचे खेळ आणि पाहणाऱ्यांची नजर

मराठी भाषेत ‘खेळ’ हा शब्द दोन अगदी भिन्न अर्थांनी रूढ आहे. अंगणात मूल खेळते, तो एक खेळ. दरवेशी डमरू वाजवीत गावात येई व त्याच्या मागे वेसण घातलेले अस्वल दोन पायांवर उभे राहून झुलू लागे, तोही खेळच म्हटला जाई. पहिल्या खेळात खेळणारा स्वतःच्या आनंदासाठी खेळतो. दुसऱ्यात तो दोरीच्या हिसक्याने आणि वेदनेच्या धाकाने हालचाली करतो. पाहणाऱ्यांचे हसू मात्र दोन्ही प्रसंगी सारखेच असते.

दरवेशाचा खेळ आता इतिहासजमा झाला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने अस्वलाला संरक्षण दिले. केंद्र शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांना करमणुकीच्या प्रयोगांसाठी शिकविण्यास व नाचविण्यास मनाई केली आणि ही मनाई २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. नाचविल्या जाणाऱ्या अस्वलांची सुटका करण्याची मोहीम २००९ मध्ये पूर्णत्वास गेली. खेळ थांबला, परंतु खेळ पाहण्याची ती जुनी सवय समाजाच्या नजरेतून पूर्णपणे गेली आहे असे म्हणता येत नाही. आज ती नजर प्राणिसंग्रहालयाच्या कठड्याशी उभी असते आणि प्राण्याने काही तरी करून दाखवावे, अशी अपेक्षा बाळगते. प्राणी स्वतःहून केव्हा खेळतो, केव्हा विश्रांती घेतो आणि कोणत्या हालचालीतून तो आपली व्यथा सांगतो, हे ओळखणारी नजर घडविणे हे लोकशिक्षणाचे एक महत्त्वाचे अंग आहे. त्यासाठी छोट्या प्राणिसंग्रहालयाइतकी सोयीची शाळा दुसरी नाही.

महाराजबाग : शहराच्या कुशीतील संग्रहालय

नागपूरची महाराजबाग हे अशा छोट्या प्राणिसंग्रहालयाचे एक जुने उदाहरण होय. भोसले राजघराण्याने विकसित केलेल्या या उद्यानात ब्रिटिश अमदानीत, १८९४ साली, प्राणिसंग्रहालय सुरू झाले. सीताबर्डीच्या गजबजाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या संग्रहालयाचा कारभार अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत, नागपूरच्या कृषी महाविद्यालयामार्फत चालत आला आहे. वाघ, बिबटे, अस्वले, हरणे, माकडे आणि नाना जातींचे पक्षी यांचे पहिले दर्शन विदर्भातील मुलांच्या अनेक पिढ्यांना येथेच घडले.

नागपूरजवळच गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ रोजी विस्तीर्ण आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानाचे उद्घाटन झाले. तेथील वनाच्छादित परिसरात वाहनातून प्राणी पाहता येतात. महाराजबागेसारख्या जागेचे स्वरूप याहून वेगळे. येथे अंतर थोडे असते, प्राणी समोर असतो आणि पाहणारा पायी असतो. त्यामुळे एकाच प्राण्यापुढे अर्धा तास उभे राहून त्याची दिनचर्या पाहणे शक्य होते. जवळीक हे छोट्या संग्रहालयाचे बळ आहे आणि तीच त्याची कसोटीही आहे. कारण माणूस जितका जवळ, तितका प्राण्याला होणारा उपद्रवही अधिक.

देशातील सर्व प्राणिसंग्रहालयांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे. क्षेत्रफळ, प्रेक्षकसंख्या, प्राण्यांच्या जाती आणि एकूण प्राणी यांचा विचार करून हे प्राधिकरण संग्रहालयांचे मोठे, मध्यम, छोटे व अतिलघु असे वर्ग करते. वर्ग कोणताही असो, निवारा, आहार, पशुवैद्यकीय उपचार आणि स्वच्छता यांविषयीचे निकष पाळल्याशिवाय मान्यता मिळत नाही. आठवड्यातून एक दिवस संग्रहालय प्रेक्षकांसाठी बंद ठेवणे हाही नियमांचाच भाग आहे. त्या दिवशी फाटकापाशी येऊन हिरमुसणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावयास हवे की, ही सुट्टी कर्मचाऱ्यांची नसून प्राण्यांची आहे.

पहाट ते संध्याकाळ

छोट्या प्राणिसंग्रहालयाचा दिवस प्रेक्षकांच्या कितीतरी आधी सुरू होतो. प्राणीरक्षकाची पहिली फेरी ही निरीक्षणाची असते. रात्री दिलेले अन्न संपले की उरले, विष्ठा नेहमीसारखी आहे काय, कोणी लंगडते काय, कळपातील एखादे हरीण एकटेच कोपऱ्यात उभे आहे काय, हे तो चालता चालता टिपतो. वन्य प्राणी आजार लपवितो. निसर्गात दुबळेपणा दिसला की शिकाऱ्याचे लक्ष वेधले जाते. म्हणून दुखणे शेवटपर्यंत झाकण्याची वृत्ती त्याच्या अंगी मुरलेली असते. अशा वेळी रक्षकाची अनुभवी दृष्टी हाच पहिला वैद्य ठरतो. त्याच्या नोंदवहीतील ‘आज नेहमीपेक्षा मंद’ एवढी एक ओळ पुष्कळदा पशुवैद्यकाला धावत आणते.

सकाळची थंड वेळ ही खऱ्या अर्थाने खेळाची वेळ होय. माकडांची पिले एकमेकांच्या शेपट्या ओढतात, दोरीला लोंबकळतात, आईच्या पाठीवरून खाली उडी घेतात आणि पुन्हा चढून तीच उडी घेतात. लाल तोंडाचे माकड उत्तम पोहणारे असल्याने हौदात पाणी असेल, तर उंचावरून त्यात झेप घेण्याची शर्यतच लागते. ओलेचिंब झालेले एखादे पिलू वडीलधाऱ्या नरापाशी जाऊन अंग झटकते, त्याची एक गुरगुर ऐकून पळते आणि थोड्या वेळाने धीर करून पुन्हा तोच अपराध करते. पोपट फांदीला उलटे लटकून शेजाऱ्याच्या चोचीतील दाणा पळवितात. चितळांची पाडसे विनाकारण उधळतात, वळण घेतात, एकदम थबकतात आणि पुन्हा धावतात. काळविटाच्या कळपात तर एकाने उंच उडी घेतली की ती लाट साऱ्या कळपात पसरते.

अस्वलाचे बागडणे वेगळ्या तऱ्हेचे. मोठ्या अंगाचे, विस्कटलेल्या केसांचे हे जनावर ओंडका उलटवून पाहते, आपल्या लांब नखांनी साल ओरबाडते आणि फटीत नाक खुपसून मोठ्याने हवा ओढते. त्याच्या वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात निसर्गतःच नसतात. त्या मोकळ्या जागेतून वाळवी ओढून घेण्याची ही सोय आहे. ही ओढ संग्रहालयातही कायम राहते. पिल्ले असलेली मादी त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. तिच्या पाठीवरील लांब केस ही त्यांची धरण्याची दोरी. दोन पिल्लांत एकाच जागेसाठी होणारी ढकलाढकल पाहणे हा एक आनंद असतो.

दुपार ही विश्रांतीची. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी पिंजऱ्यांवर हिरव्या जाळ्या पसरल्या जातात, पाण्याचे फवारे सुरू होतात आणि वाघ-बिबट्यांच्या निवाऱ्यापुढे कूलर लावले जातात. वाघ पाण्याच्या हौदात पाठमोरा उतरतो आणि मानेपर्यंत बुडून बसतो. बिबट्या मचाणावर चारही पाय सोडून झोपतो. नेमक्या याच वेळी सहलीच्या गाड्या येतात आणि ‘हा तर झोपलाच आहे’ अशी तक्रार ऐकू येते. वास्तविक मार्जार कुळातील हे मोठे प्राणी दिवसाचा बराचसा भाग निजूनच काढतात. जंगलातही त्यांचा शिरस्ता हाच. झोपलेला बिबट्या आपले नैसर्गिक वेळापत्रक पाळीत असतो. त्याला उठविण्यासाठी टाळ्या पिटणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या दारावर भर दुपारी धक्के मारणे होय.

उन्हे कलली की पुन्हा हालचाल सुरू होते. मांसभक्षकांना रात्रीच्या कोठडीत आहार दिला जातो. अनेक संग्रहालयांत त्यांना आठवड्यातून एक दिवस उपवास घडवितात. कारण निसर्गात रोज शिकार साधत नाही आणि त्यांचे पोटही त्याच रीतीने घडलेले आहे. दार सरकविण्याचा आवाज आणि रक्षकाची ओळखीची हाक एवढ्यावर प्राणी आपापल्या जागी परततात. वाघ आपल्या रक्षकाला पाहून नाकातून हलका फुरफुर आवाज काढतो. हा त्याचा स्नेहाचा स्वर.

खेळ म्हणजे काय?

प्राणी का खेळतात, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकीत आला आहे. जर्मन विचारवंत कार्ल ग्रूस यांनी १८९६ साली प्राण्यांच्या क्रीडेवर स्वतंत्र ग्रंथ लिहून असे मत मांडले की, बालपणीचा खेळ ही पुढील आयुष्याची तालीम आहे. बिबट्याचे पिलू भावंडाच्या शेपटीवर दबा धरते, तेव्हा ते उद्याच्या शिकारीची उजळणी करीत असते. पुढील संशोधनाने या विचारात बरीच भर घातली. खेळ हा शरीराचा तोल, मनाची लवचीकता आणि समाजात वागण्याची शिस्त या तिन्हींशी निगडित असल्याचे आज मानले जाते. खेळात जोराने चावणाऱ्या पिल्लाशी इतर पिल्ले खेळेनाशी होतात आणि किती जोराने चावावे हा धडा त्याला आपोआप मिळतो.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी २००५ मध्ये खेळाच्या पाच खुणा सांगितल्या. सामान्य प्रेक्षकालाही त्या सहज वापरता येण्याजोग्या आहेत. पहिली, त्या हालचालीचा त्या क्षणी तसा काही उपयोग नसतो. दुसरी, ती प्राणी आपखुशीने करतो. तिसरी, ती खऱ्या लढाई-शिकारीसारखी दिसली, तरी तिच्यात अतिशयोक्ती किंवा अपुरेपणा असतो. झडप घातली जाते, पण दात रोवले जात नाहीत. चौथी, ती पुन्हा पुन्हा केली जाते, परंतु दर खेपेस तिच्यात काही ना काही फरक असतो. पाचवी आणि सर्वांत मोलाची खूण अशी की, पोट भरलेले, शरीर निरोगी आणि मन निर्भय असेल तेव्हाच खेळ फुलतो.

या पाचव्या खुणेतच प्राणिसंग्रहालयाच्या कारभाराचे मर्म सामावले आहे. भुकेच्या, आजाराच्या किंवा भीतीच्या काळात प्राणी सर्वांत आधी खेळणे सोडतो. सकाळच्या फेरीत माकडाची पिले शांत बसलेली दिसली, तर अनुभवी रक्षक चिंतातुर होतो. खेळणारा प्राणी म्हणजे प्रेक्षकांची केवळ करमणूक नव्हे, तर व्यवस्थापनाला मिळालेले ते प्रमाणपत्र असते.

जे खेळासारखे दिसते

याच्या उलट, काही हालचाली खेळासारख्या भासतात आणि लोकांना हसवितात. प्रत्यक्षात त्या व्यथेच्या खुणा असतात. बिबट्या गजांच्या कडेने ठरावीक पावले टाकीत जातो, ठरावीक जागी वळतो, तेवढीच पावले टाकीत परत येतो. तास न् तास हे चालू असते. अस्वल एका जागी उभे राहून मान डावी-उजवीकडे झुलविते. पोपट स्वतःची पिसे उपटतो. चौथी खूण येथे उपयोगी पडते. या हालचालींत फरक नसतो. प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीसारखीच असते.

रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधिकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, ज्या मांसभक्षक जातींचा निसर्गातील संचारप्रदेश जितका विस्तीर्ण, तितके बंदिवासातील येरझाऱ्यांचे प्रमाण अधिक. हत्तीच्या बाबतीत तर पूर्वीच्या पिढ्यांची मोठीच दिशाभूल झाली. साखळीने बांधलेला हत्ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत डुलत असे आणि लहान मुले ‘हत्ती नाचतो’ म्हणून टाळ्या वाजवीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये संग्रहालयांतील हत्तींना शिबिरांत व वनक्षेत्रांत हलविण्याचे निर्देश दिले, त्यामागे हीच जाणीव होती. दरवेशांकडून सोडविलेली काही अस्वले वेसण निघाल्यानंतरही दीर्घकाळ तशीच झुलत राहिली. दोरी गेली तरी दोरीची आठवण गेली नव्हती.

चेहऱ्याच्या बाबतीतही अशीच गफलत होते. लाल तोंडाचे माकड दात विचकते, तेव्हा ते हसते असे मुलांना वाटते. दात दाखविणे ही त्याच्या जातीत भीतीची किंवा शरणागतीची भाषा आहे. त्याचा खेळकर चेहरा वेगळा असतो : तोंड सैलसर उघडे, दात बहुतांशी झाकलेले. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहणे ही त्याच्या दृष्टीने धमकी ठरते. जाळीला नाक लावून त्याला वेडावणारे मूल आपण मैत्री करीत आहोत अशा समजुतीत असते आणि समोरचे माकड युद्धाच्या तयारीत! वाघ कधी कधी नाक मुरडून, ओठ वर उचलून, जीभ बाहेर काढतो. तो तोंड वेंगाडीत नसून दुसऱ्या वाघाने मागे ठेवलेला गंध तपासत असतो. मगर जबडा उघडा ठेवून पडते, ती शरीराची उष्णता आवरण्यासाठी. ती जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर खडे फेकणारे अज्ञान आजही पुरते ओसरलेले नाही. मोराचा पिसारा फुलविण्याचा सोहळा पावसाळ्यातला असतो आणि तो प्रेक्षकांसाठी नसून लांडोरीसाठी असतो. पाऊस सरला की पिसारा गळून जातो. तेव्हा नाचण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय.

थोड्या जागेत अधिक जीवन

छोट्या प्राणिसंग्रहालयाला जागा वाढविता येत नाही, हे खरे आहे. परंतु स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. बर्न, बाझेल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालन केलेल्या या अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की, जागेच्या लांबी-रुंदीइतकेच तिच्या गुणवत्तेलाही महत्त्व आहे. लपण्याचा कोपरा, टेहळणीची उंच जागा, अंग घासण्यास खोड, लोळण्यास माती आणि करण्यास काही उद्योग एवढे मिळाले, तर प्राणी त्या जागेला आपला प्रदेश मानू लागतो. प्रत्येक प्राणी माणसापासून ठरावीक अंतर राखू पाहतो, ते मोडले की पळतो, ही त्यांची मांडणीही आज कठड्यांच्या आखणीत विचारात घेतली जाते.

या विचाराला फार खर्च लागत नाही. अस्वलाच्या आवारात पोखरलेला ओंडका ठेवून त्याच्या छिद्रांत मध लावला, तर जो आहार पाच मिनिटांत संपला असता तो मिळविण्यात त्याचा बराच वेळ सुखाने जातो. उन्हाळ्यात फळांच्या फोडी बर्फात गोठवून दिल्या की अस्वल तो गोळा पुढल्या पंजांत धरून चाटते, लोळविते, सोडते आणि पुन्हा पकडते. माकडांसाठी फुटाणे गवतात विखुरले, तर साऱ्या टोळीला शोधाचे काम मिळते. बिबट्याला उंचीवर मचाण आणि खाली आडोसा दिला, म्हणजे थोड्या जागेचे दोन मजले होतात. आगीच्या बंबाचा निकामी झालेला जाड रबरी नळ, जुना टायर, पुठ्ठ्याचा खोका, दुसऱ्या प्राण्याच्या आवारातील गवताची पेंढी या वस्तू टाकाऊ खऱ्या. पण गज मोजीत फिरणाऱ्या प्राण्याला त्या नवा विषय पुरवितात. एकच खेळणे मात्र रोज दिले तर त्यातील नवलाई संपते. म्हणून कोणत्या दिवशी काय दिले आणि प्राण्याने त्याचे काय केले, याची नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

प्रेक्षकाचे कर्तव्य

रक्षकाने पहाटेपासून केलेल्या या खटाटोपावर एक मूठ शेंगदाणे पाणी फिरवू शकतात. प्रेक्षकांकडून खाऊ मिळू लागला की माकडे शोध घेणे सोडून कठड्याशी हात पसरून बसतात, आपसांत भांडतात आणि आजारी पडतात. खाऊबरोबर पिशवीही आत जाते. हरणासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात गेलेले प्लॅस्टिक पचत नाही, बाहेरही पडत नाही. ते साचत जाते आणि प्राणी भरल्या पोटी उपाशी मरतो. क्षयासारखे रोग माणसाकडून माकडांना होऊ शकतात. २०२१ मध्ये हैदराबाद येथील नेहरू प्राणिउद्यानातील आठ सिंहांना कोरोनाची लागण झाल्याचे आढळले, तेव्हा माणूस आणि प्राणी यांच्या आरोग्याची सीमारेषा किती पुसट आहे हे सर्वांच्या ध्यानी आले.

वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३८ जे अन्वये संग्रहालयातील प्राण्याला चिडविणे, इजा करणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्याला त्रास देणे आणि परिसरात कचरा टाकणे हे सर्व प्रतिबंधित असून त्यासाठी कैद व दंडाची तरतूद आहे. परंतु कायद्याचा फलक गजांवर लावता येतो, मनावर लावता येत नाही. ते काम घरात आणि शाळेत व्हावयास हवे.

पिलू सापडते तेव्हा

ग्रामीण महाराष्ट्राशी या विषयाचा आणखी एक निकटचा संबंध आहे. जुन्नरसारख्या बागायती पट्ट्यात बिबट्याची मादी उसाच्या फडाला जंगल मानून तेथेच विते. तोडणी सुरू झाली की डोळे नुकतेच उघडलेली पिल्ले कामगारांना दिसतात. मांजराएवढी, मऊ आणि कमालीची खेळकर अशी ही पिल्ले पाहून कोणालाही उचलून घेण्याचा मोह होतो. गर्दी जमते, छायाचित्रे निघतात, दूध पाजले जाते.

या मायेची किंमत पिल्लाला जन्मभर मोजावी लागते. आईने शिकवावयाची शिकार माणूस शिकवू शकत नाही. माणसाच्या हातांशी खेळत वाढलेल्या पिल्लाची माणसाविषयीची भीती नाहीशी होते आणि मग त्याला पुन्हा रानात सोडणे त्याच्या व गावाच्याही दृष्टीने धोक्याचे ठरते. त्याच्या वाट्याला कायमचा पिंजरा येतो. याउलट, पिल्लू जागेवर राहिले तर पुनर्भेट शक्य असते. जुन्नर परिसरात वन विभागाने आणि माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राच्या पशुवैद्यकांनी अशी पिल्ले तपासून, संध्याकाळी त्याच शेतात खोक्यात ठेवून, मादी त्यांना घेऊन जाईपर्यंत दुरून पाळत ठेवल्याची अनेक उदाहरणे आहेत.

म्हणून पिलू आढळल्यास त्या भागातील तोडणी थांबवावी, माणसे दूर न्यावीत, पिल्लाला हात लावू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे, ही सूचना तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेत वाचून दाखविली जाणे इष्ट आहे. संग्रहालयाच्या पिंजऱ्यातील एक जागा रिकामी राहणे, हे अशा गावाचे श्रेय ठरेल.

शाळांसाठी एक निरीक्षणपाठ

शालेय सहलीत साऱ्या प्राण्यांपुढून घाईघाईने फिरण्यापेक्षा एका प्राण्यापुढे थांबणे अधिक फलदायी होते. चार-पाच विद्यार्थ्यांचा एक गट करून प्रत्येक गटाला एकच प्राणी नेमून द्यावा. गटाने पंधरा मिनिटे शांतपणे उभे राहून दर मिनिटाला प्राणी काय करीत आहे याची एका शब्दात नोंद करावी : निजला, चालला, खाल्ले, पाहिले, खाजविले, खेळला. खेळ नोंदविताना वरील पाच खुणा ताडून पाहाव्यात. येरझाऱ्या दिसल्यास पावले आणि वळण्याची जागा मोजावी. दर खेपेला ती तीच येतात काय, हे तपासावे. शेजारी दुसरा स्तंभ आखून त्यात त्या मिनिटाला प्रेक्षक काय करीत होते हेही लिहावे.

हा दुसरा स्तंभ विशेष बोलका ठरतो. वर्गात परतल्यावर दोन्ही स्तंभ एकमेकांशेजारी मांडले की, आरोळी कोणत्या मिनिटाला उठली आणि पाडसाचे बागडणे कोणत्या मिनिटाला थांबले, हे विद्यार्थ्यांना कोणी सांगावे लागत नाही. शक्य असेल तेथे प्राणीरक्षकाला मुलांशी दहा मिनिटे बोलण्याची विनंती करावी. पुस्तकात न सापडणारे ज्ञान त्याच्यापाशी असते. सहलीची वेळ सकाळची ठेवली, तर प्राण्यांना पाहण्याची ती योग्य घटिका असते आणि मुलांनाही ऊन बाधत नाही.

प्राणिसंग्रहालय हे जंगलाला पर्याय नव्हे. जे प्राणी अनाथ, जखमी किंवा बंदिवासातच जन्मलेले असल्याने परतू शकत नाहीत, त्यांना सुसह्य आयुष्य देणे आणि जे अजून रानात आहेत त्यांच्याविषयी आस्था निर्माण करणे, एवढेच त्याचे प्रयोजन. दरवेशाच्या अस्वलाभोवती गोळा होणाऱ्या समाजाने कायदा करून ती दोरी सोडविली, हे निश्चितच भूषणावह आहे. आता पुढचे पाऊल पाहणाऱ्याने टाकावयाचे आहे. कठड्याशी हात बांधून, मुकाट्याने उभे राहून, अस्वलाने आपणहून ओंडका उलटविण्याची वाट पाहणारे मूल ज्या दिवशी प्रत्येक शाळेतून घडेल, त्या दिवशी ‘खेळ’ या शब्दाचा दुसरा अर्थ मराठी भाषेतून खऱ्या अर्थाने पुसला जाईल.